पैलवानाच्या पोटात

माझं सगळं आयुष्य लोकांवर विश्वास न ठेवण्यात गेलं, आणि त्याचा मला पगार मिळायचा. विमा कंपनीत मी दाव्यांची चौकशी करायचे. दुकान जळालं म्हणून एखादा माणूस समोर बसून रडायला लागला, की मी त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे नाही, त्याच्या भुवयांकडे बघायचे, थोड्या तरी होरपळल्यात का म्हणून. नवरा गेल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये," तेव्हाही माझ्या मनात आधी पाल चुकचुकली ती हीच, की हा बायकोला विचारून बोलतोय की परस्पर? विचारूनच बोलला होता. मागची खोली भावजयीने स्वतः उभं राहून रंगवून घेतली होती. तरी मी बॅग बरेच दिवस रिकामी केली नाही.

त्या घरात माझ्यावर पहिल्या दिवसापासून बिनशर्त विश्वास टाकणारा एकच जीव होता, तो म्हणजे पैलवान. भावाचा कुत्रा. तीन वर्षांचा, रुंद छातीचा, बिनडोक आणि प्रेमळ. संध्याकाळी मी सोफ्यावर बसले की येऊन माझ्या मांडीवर डोकं टाकायचा आणि माझे हात चाटत बसायचा. चाटून झालं की झोपायचा. घोरायचा तर असा, की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. भावजयीला कुत्र्यांचं फारसं कौतुक नव्हतं. पिल्लू घरात आलं तेव्हा तिची अट एकच होती, ऑपरेशन करून खच्ची करून आणायचा, तरच घरात. सोफ्याच्या पायांवर धार सोडणारा आणि रस्त्यावर माद्यांमागे पळणारा कुत्रा तिला नको होता. भावाने त्याला लहानपणीच नेऊन ऑपरेशन करून आणलं. हे सगळं मी तिथे राहायला येण्याआधीचं.

मी आले त्या वर्षाच्या अखेरीला पैलवानाचं काहीतरी बिनसलं. आधी कुशीवरचे केस गेले, दोन्ही बाजूंनी सारखेच, जणू कुणी मोजून भादरलंय. आतली कातडी पातळ आणि काळपट दिसायला लागली. मग पोटाखालची स्तनाग्रं फुगली. आणि कहर म्हणजे गल्लीतले नर कुत्रे त्याच्या मागे लागले. भाऊ त्याला फिरायला न्यायचा, तर मागे ही वरात. समोरचे निवृत्त मास्तर फाटकातून ओरडायचे, "काय हो, पैलवानाची पैलवानीण झाली की काय?" भाऊ हसण्यावारी न्यायचा, पण घरी आल्यावर त्याचा चेहरा उतरलेला असायचा. मला वाटलं, कुत्र्याची थट्टा त्याला झोंबते.

शेवटी आम्ही तिघं त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या बाई, केस घट्ट बांधलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. स्टीलच्या टेबलावर पैलवानाचे पाय घसरत होते म्हणून त्यांनी खाली रबराची चटई टाकली, आणि त्याच्याशी तेवढं मऊ आवाजात बोलल्या. आमच्याशी नाही. मला त्या आवडल्या. माणसांवर विश्वास न ठेवणारं माणूस मला लांबून ओळखू येतं.

"ऑपरेशन झालंय का याचं?"

"हो, झालंय," भाऊ म्हणाला.

डॉक्टरांनी मागच्या पायांमध्ये हात घालून चाचपून पाहिलं. पिशवी रिकामी होती. त्यांनी मान हलवली आणि रक्त काढायला घेतलं. मग सुई तशीच हातात धरून विचारलं, "घरात कुणी हार्मोनचं जेल, क्रीम असं काही अंगाला लावतं का? पाळी जाताना बायकांना देतात ते?"

ती गोष्ट माझ्या डॉक्टरांखेरीज कुणालाच माहीत नव्हती. वर्षभर अंगातून वाफा निघत होत्या, झोप उडाली होती, तेव्हा त्यांनी ते जेल दिलं होतं. रोज दुपारी आंघोळीनंतर दोन्ही हातांना कोपरापासून वर लावायचं. धाकट्या भावासमोर हे बोलायचं म्हणजे धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण खोटं बोलणाऱ्यांची मला चीड आहे.

"मी लावते," मी म्हटलं.

"आणि हा चाटतो?"

"रोज."

भाऊ छताच्या पंख्याकडे बघायला लागला. भावजय माझ्या हातांकडे. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, बाईच्या अंगावरचं औषध कुत्र्याच्या पोटात जातं आणि नर मादीसारखा दिसायला लागतो. खच्ची केलेल्या कुत्र्यात दुसरं कारण शोधायला जावं लागत नाही. जेल बंद करा, हळूहळू सगळं पूर्ववत होईल. फार दिवस चालू राहिलं तर मात्र हाडांच्या आत रक्त तयार व्हायचं थांबतं, आणि मग कुत्रा हातचा जातो. हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

घरी आल्या आल्या मी ते जेल कचऱ्यात टाकलं. नुसतं टाकलं नाही, नळी कापून, पिळून, नळाखाली धुऊन टाकलं. चादरी उकळत्या पाण्यात घातल्या. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे सदरे घालायला लागले. पैलवानाने मांडीवर डोकं ठेवलं की उठून जायचे. तो बिचारा माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याचा दावा नामंजूर केलाय. आणि माझ्या अंगातल्या वाफा पुन्हा सुरू झाल्या. बसल्या जागी मानेपासून कपाळापर्यंत भट्टी पेटायची, पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या, आणि मी मोरीत जाऊन दाराला कडी लावून तोंडावर पाणी मारत उभी राहायचे. घरात कुणाला सांगितलं नाही. एकदा चारचौघांत इज्जतीचा पंचनामा झाला होता, तेवढा पुरे होता.

पण पैलवान काही सुधारेना. उलट तो थकायला लागला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसकण मारायचा. आणि घरातल्यांच्या नजरा बदलायला लागल्या.

हे मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? भावजय माझ्या खोलीत चादर बदलायच्या निमित्ताने यायची आणि उशी उचलून बघायची. मी आंघोळ करून बाहेर आले की तिची नाकपुडी हलायची. माझे टॉवेल वेगळ्या बादलीत भिजायला लागले. बोलणं मात्र मधाळ. "ताई, काही लागलं तर सांगा हं." मग मीही काही कमी नाही. मला वाटलं, हिला मागची खोली परत हवीये, आणि कुत्र्याच्या आजाराचं खापर माझ्या डोक्यावर फोडून ही मला बाहेर काढणार. कोण जाणे, हीच चेहऱ्याला काहीतरी फासत असेल. ती बाजारात गेली की मी तिच्या कपाटातल्या डब्या आणि बाटल्या भिंग लावून वाचायचे. कोरफड, बदाम, गुलाबपाणी. एकीतही काही सापडलं नाही, त्याचा मला आणखी संशय आला.

भाऊ मात्र भलताच गोड वागायला लागला. माझ्यासाठी फळं आणायचा. मी नको म्हटलं तरी पंखा माझ्या बाजूला वळवायचा. एकदा मी मोरीतून बाहेर येत होते तर तो बायकोला दबक्या आवाजात सांगत होता, "जाऊ दे गं. सवय असते एकेकाला. सुटायला वेळ लागतो. तिला बोलू नकोस काही."

हे माझी बाजू घेणं होतं? हा तर मला गुन्हेगार ठरवून माझ्या वतीने माफी मागत होता. पण मी विचार केला, बायको कान भरतेय, तो बिचारा मध्ये सापडलाय. भावावर संशय घ्यायचं माझ्या मनात आलं नाही. त्याला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पैलवानाचा ओठ वर करून हिरडी दाखवली. गुलाबी असायची ती कागदासारखी पांढरी पडली होती, आणि तिच्यावर बारीक बारीक लाल ठिपके होते, टाचणीने टोचल्यासारखे. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्याचं ते लक्षण. रक्ताचा अहवाल बघून त्यांनी चष्मा काढला.

"घरात अजून लावलं जातंय," त्या म्हणाल्या. "मी कुणावर आरोप करत नाही. पण असंच चाललं तर याला मी वाचवू शकणार नाही."

"मी त्याच दिवशी बंद केलंय," मी म्हटलं.

कुणी काही बोललं नाही. मी वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडे बसून ऐकलेली शांतता ती. माणूस खरं सांगतोय की खोटं याचा निकाल आधीच लागलेला असतो, आणि तो बोलत असतो ते फक्त शिष्टाचार म्हणून ऐकून घेतलं जातं. मला पहिल्यांदाच कळलं, की टेबलाच्या अलीकडे बसलं की ती कशी ऐकू येते. मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

गाडीत भावजय मागे वळून म्हणाली, "ताई, वाईट मानू नका. तुम्हाला त्रास होत असेल तर तुम्ही लावा ते औषध, तुमच्या तब्येतीचा प्रश्न आहे. पण मग पैलवान बरा होईपर्यंत दुसरीकडे कुठे राहिलात तर... मैत्रिणीकडे वगैरे."

मी भावाकडे बघितलं. आरशात त्याचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावर होते, आणि रस्ता तर रिकामा होता.

"परवा जाते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामावर गेल्यावर मी बॅग भरायला घेतली. दाराबाहेर पैलवान येऊन बसला होता. आत यायला त्याला बंदी होती, म्हणून उंबऱ्याला नाक लावून. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझ्यातला चौकशी अधिकारी जागा झाला. म्हटलं, बाई, रडणं नंतर. या प्रकरणात सगळे साक्षीदार संशयास्पद आहेत. डॉक्टर चुकू शकतात, भावजय लपवू शकते, तूही वेंधळी असू शकतेस. पण एका साक्षीदाराची साक्ष तुला आतून माहीत आहे. तू लावत नाहीस. घरात दुसरं कुणी लावत नाही हेही तू भिंग लावून बघितलंयस. म्हणजे जे औषध घरात नाही, त्याने हा कुत्रा मरतोय. तसं होऊ शकत नाही. आणि हे फक्त तुला एकटीला माहीत आहे. तू मैत्रिणीकडे जाऊन बसलीस, तर हा मरेल आणि सगळे म्हणतील, उशीर केला ताईंनी.

मी टॅक्सी बोलावली. पैलवानाला उचलून आत ठेवताना माझी कंबर धरली, आणि टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, कुत्रीला दिवस गेलेत का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दवाखान्यापर्यंत बोलला नाही.

डॉक्टरांनी आम्हा दोघांनाच बघून भुवया उंचावल्या.

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही," मी म्हटलं. "ठेवू नका. तुमच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता. पण एक करा. पाच मिनिटं असं धरून चाला, की ही बाई खरं बोलतेय. मग याला काय झालं असू शकतं, ते सांगा."

"प्रत्येक जण हेच म्हणतो," त्या म्हणाल्या. "जेल लावणारीही म्हणते, कुत्र्याला चॉकलेट खायला घालणाराही म्हणतो."

मी काही तरी सडेतोड बोलणार होते, पण तेवढ्यात ती भट्टी पेटली. पोटातून वर, मानेवर, कानांपर्यंत. त्यांच्या खोलीत एसी इतका गार होता की पैलवान अंगाचं मुटकुळं करून बसला होता, आणि माझ्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. सदऱ्याची पाठ चिकटली. मी टेबलाची कड धरली. लाज वाटत होती, पण पुसायला हातरुमालही नव्हता.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कापसाचा मोठा बोळा तोडून माझ्या हातात दिला.

"हे कधीपासून?"

"बंद केलं तेव्हापासून. दिवसातून किती वेळा येतं ते विचारू नका."

"औषध चालू असतं तर असं झालं नसतं," त्या सावकाश म्हणाल्या. माझ्याशी नाही, स्वतःशी. मग उठल्या, पैलवानाला उताणं केलं, आणि त्या रिकाम्या पिशवीकडे पुन्हा बघितलं. "दोन्ही वृषण काढले तर पिशवी रिकामी असते. एक काढला आणि दुसरा कधी खाली उतरलाच नसेल, आतच राहिला असेल, तरी पिशवी रिकामीच असते. बाहेरून सारखंच दिसतं. मी ऑपरेशन झालं का विचारलं. किती काढले, हे विचारलंच नाही."

पोटावरचे उरलेसुरले केस भादरून त्यांनी गार जेल लावलं (ते बघून मला हसूच आलं) आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर सगळं करडं, पाऊस पडणाऱ्या टीव्हीसारखं. त्यांनी एकेक दाखवलं, हे मूत्रपिंड, हे मूत्राशय. मग हात थांबला. मूत्राशयाच्या बाजूला एक गोल होता, लिंबाएवढा, आत डागाळलेला.

"हा इथे नसायला हवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं. पोटात अडकलेल्या वृषणाला गाठ झाली आहे. अशी गाठ स्वतःच मादीचं संप्रेरक ओतत राहते, माझ्या नळीपेक्षा कितीतरी जास्त. साधारणपणे म्हाताऱ्या कुत्र्यांचा हा आजार. एवढ्या तरण्या कुत्र्यात त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. आत अडकलेल्याला धोका जास्त असतो, म्हणून तर तो शोधून काढायचा असतो. आता आधी रक्त चढवायचं, लगेच पोट उघडून गाठ काढायची, आणि हाडांमध्ये रक्त पुन्हा तयार व्हायला लागतं का याची वाट बघायची. कधी कधी लागत नाही, असंही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "पण हे कळलं नसतं तर काहीच उरलं नसतं. तुम्ही आलात ते बरं केलंत."

मी अंगणात जाऊन भावाला फोन लावला.

"पैलवानाच्या पोटात गाठ आहे," मी म्हटलं. "त्याचं ऑपरेशन केलं तेव्हा किती काढले होते?"

पलीकडे काहीच नाही. 'कसली गाठ?' नाही, 'काय म्हणतेस?' नाही. ज्याला माहीत नसतं तो विचारतो.

"एकच," तो शेवटी म्हणाला. "दुसरा सापडत नाही म्हणाले. थोडा मोठा झाला की पोट उघडून काढावा लागेल, नाहीतर पुढे त्रास होतो म्हणाले. ताई, एवढंसं पिल्लू होतं गं. त्याचं पोट फाडायचं म्हटल्यावर माझा धीरच झाला नाही. आणि हिला सांगितलं असतं तर हिने त्याला घरात ठेवलं नसतं. म्हणून म्हटलं, झालं ऑपरेशन."

"आणि डॉक्टरांनी तुझ्यासमोर विचारलं तेव्हा?"

"मला वाटलं, तुझ्या औषधामुळेच असेल. देवाशपथ, तसंच वाटलं."

"बंद केल्यावरही?"

"मला वाटलं, तू लावत असशील."

त्याचं ते खरं होतं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. तो खोटं बोलून माझ्यावर ढकलत असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्याने मनापासून मानलं होतं की ताई खोटारडी आहे, कारण ते मानणं सोयीचं होतं.

तासाभरात तो आला. पैलवानाला रक्ताची पिशवी लावली होती. दवाखान्यातल्या एका धष्टपुष्ट कुत्रीचं रक्त होतं ते, ती दाराशी बसून शेपूट हलवत होती. भाऊ पैलवानाच्या डोक्यावर हात ठेवून रडला, आणि त्या रडण्यावर मी जराही शंका घेतली नाही. मग डोळे पुसून मला कोपऱ्यात घेऊन गेला.

"ती निघालीये ऑफिसातून. ताई, तिला हे सांगू नकोस. गाठ होती, आता कळली, एवढंच म्हणू. आणि गाठही होती, औषधाचंही थोडं असेल, असं म्हणू. तुला काय फरक पडतो? तू तर माझी ताई आहेस."

मी त्याच्याकडे बघत राहिले. हा माझ्याकडून माझ्याच बदनामीचा उरलेला अर्धा हिस्सा सांभाळायला मागत होता. तेही लाडाने. मला राग आला असता तर बरं झालं असतं, पण मला त्याची भीती वाटली. मी पैलवानापाशी जाऊन उभी राहिले.

भावजय आली ती धापा टाकतच. ऑपरेशन चालू होतं. आम्ही तिघं लाकडी बाकावर बसलो, समोर वजनाचा काटा आणि भिंतीवर मांजरांचं कॅलेंडर. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या, हातात स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये ती गाठ, पांढरट, ओबडधोबड.

"टेबलावर तरी वाचलाय," त्या म्हणाल्या. "ही प्रयोगशाळेत पाठवते. जेलचा काही संबंध नव्हता. ज्याने लहानपणी ऑपरेशन केलं त्याने एकच काढला, दुसरा आत राहिला. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

भावजयीने नवऱ्याकडे बघितलं. मीही. माझा जीव त्याच्या ओठांवर टांगला होता.

"नाही," भाऊ म्हणाला. "काहीच नाही सांगितलं."

डॉक्टर आत गेल्या. भावजय माझ्याकडे वळली, माझे दोन्ही हात तिने हातात घेतले आणि ढसाढसा रडायला लागली. "ताई, मी तुमच्या उशा उचलून बघितल्या. तुमचे टॉवेल हुंगले मी. तुम्हाला घरातून जा म्हटलं. मला माफ करा."

ज्याने मागायची तो बाकाच्या टोकाला बसून जमिनीकडे बघत होता, आणि जिची काही चूक नव्हती ती माझ्यासमोर रडत होती. मी तिला जवळ घेतलं. "तुझी काही चूक नाही," मी म्हटलं. "मीही तुझ्या कपाटातल्या बाटल्या वाचल्यात." ती रडता रडता हसली.

ती तोंड धुवायला गेली तसा भाऊ सरकून माझ्या जवळ आला. "ताई, बोलली नाहीस. उपकार झाले."

"तू बोलशील म्हणून थांबले होते," मी म्हटलं. "अजून थांबलेय. पैलवान घरी येईपर्यंत."

पैलवान बरेच दिवस दवाखान्यातच राहिला. आधी रक्त आणखी उतरलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग एके दिवशी डॉक्टरांचा फोन आला की रक्त वाढायला लागलंय, हिरडीवरचे ठिपके गेले. गाठ सगळी निघाली होती, कुठे पसरली नव्हती. त्या दिवसांत भाऊ जेवताना माझ्याकडे बघायचा नाही. मी काही आठवण करून दिली नाही. बॅग मात्र भरून दाराशी ठेवली होती, त्याला दिसेल अशी.

पैलवानाला आणायला निघालो तेव्हा मी मागे बसले, भावजय पुढे. अर्ध्या रस्त्यात भावाने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोरच्या काचेकडे बघत त्याने सगळं सांगितलं. एकच काढला होता हे. दुसऱ्याचं बजावलं होतं हे. टेबलाजवळ गप्प बसला ते. मला काय म्हणायला सांगितलं होतं तेही, एक अक्षर न वगळता.

भावजय म्हणाली, "कुत्र्याचं लपवलंत ते मी समजू शकते. मी तशीच आहे, घाबरावं अशी. पण ताईंचे टॉवेल मी वेगळे भिजवत होते, तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात."

तिने दार उघडलं, खाली उतरली, आणि येऊन मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. दवाखान्यातून निघतानाही ती पुढे गेली नाही. म्हणून पैलवानालाच पुढे बसवावं लागलं, पोटाला पट्टा, गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं, कुशीवर नव्याने उगवलेली केसांची लव. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो. तो मात्र सगळा रस्ता नरसाळ्यातून मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून भावाच्या तोंडाकडे प्रेमाने बघत होता. त्या दिवशी गाडीत भावाकडे बघणारा तो एकटाच होता.